चारशेबारा वेळा येतो

त्या शुक्रवारी सकाळी हेलसिंकी लिस्बनपासून सात तास चाळीस मिनिटांवर होतं. आदल्या दिवशी ते पाच तासांवर होतं आणि त्याआधीच्या सोमवारी तर कुठेच नव्हतं, कारण सोमवारी आकाशच बंद होतं.

शहरं अशी पुढेमागे सरकायला लागून सहा वर्षं झाली होती. नकाशावर दोन्ही जागच्या जागी होती. मधलं अंतर पूर्वी तीन हजार तीनशे साठ किलोमीटर होतं, आजही तेवढंच होतं. सरकत होता तो प्रवासाचा वेळ. आणि तो किती सरकणार हे रोज सकाळी सांगणाऱ्या नऊ माणसांपैकी एक होती कोल्हापूरच्या मंगळवार पेठेतली संयोगिता चौगुले. लिस्बनमधल्या हवामान संस्थेत तिला अकरा वर्षं झाली होती. या वयात माणसं खुर्चीला चिकटतात म्हणतात. ही मात्र एक्कावन्नाव्या वर्षीही फोन आला की उठून येरझारा घालायची, आणि सहकारी आपापले पाय आत घ्यायचे.

तिचं काम समजायला फार शास्त्र लागत नाही. विमान उंचावरून गेलं की मागे पांढरी रेघ उमटते. लहानपणी आपण सगळ्यांनीच ती पाहून ‘रॉकेट, रॉकेट’ म्हणत अंगणात धावाधाव केलेली असते. दहा किलोमीटर उंचीवर हवेचे काही थर असे असतात, की त्यांत मावेल त्याहून जास्त बाष्प कोंबलेलं असतं. ते गोठायला टेकलेलंच असतं, फक्त निमित्त हवं असतं. विमानाच्या धुरातली काजळी ते निमित्त पुरवते. कणाकणावर बर्फ धरतं, रेघ पसरत जाते, तिची पातळ ढगाची चादर होते आणि जमिनीवरून वर निघालेली उष्णता त्या चादरीखाली अडकून बसते. कोरड्या थरातून तेच विमान गेलं तर रेघ मिनिटभरात विरून जाते. म्हणजे यातलं पाप विमानापेक्षा वाटेचं जास्त होतं. अडचण एवढीच होती, की ओला थर कुठे आणि कोरडा कुठे, हे आधी सांगता येत नव्हतं.

संयोगिताच्या संस्थेने ते सांगून दाखवलं. नारळाएवढे हजारो फुगे युरोपच्या आकाशात कायमचे तरंगत ठेवले आणि त्यांच्याकडून दर अर्ध्या तासाला थरांचा नकाशा मिळायला लागला. नकाशा आला, आणि त्याच्या पाठोपाठ कायदा आला. ओल्या थरातून जायचं नाही. मग विमानांनी एक तर वळसा घालायचा, नाहीतर खाली दाट हवेतून रखडत जायचं. खालून जायला इंधन जास्त लागतं आणि वेळही. फेऱ्या एक तृतीयांशावर आल्या. जागा थोड्या आणि माणसं फार झाली, तेव्हा त्या वाटायला एक मंडळ बसलं. त्याचं नाव आकाशवाटप मंडळ.

आज त्याच मंडळाने संयोगिताला जागा नाकारली होती. ज्या बाईने आकाशाला कुंपण घातलं तीच कुंपणाबाहेर. आपलेच दात आणि आपलेच ओठ, दुसरं काय.

तिला बुधवारी सकाळी दहाच्या आत हेलसिंकीत पोचायचं होतं. पद्मजा, म्हणजे तिची अक्का, तिथे होती. संयोगितापेक्षा बारा वर्षांनी मोठी. आई लवकर गेली, तेव्हा हिच्या वेण्या घालून, डबा भरून हिला शाळेत हाकलणारी. पुढे दाजींची नोकरी फिनलंडला, म्हणून तीही गेली आणि तिकडच्या बर्फात एकवीस वर्षं ट्राम चालवून निवृत्त झाली. मूलबाळ नव्हतं. चार वर्षांपूर्वी दाजी वारले. आता अक्काच्या डोक्यात डाव्या बाजूला लिंबाएवढी गाठ निघाली होती, आणि बसली होती ती नेमकी बोलण्याच्या जागेला चिकटून.

अक्काच्या सर्जन, डॉक्टर लेहतिनेन, यांचा फोन गुरुवारी आला होता.

“रुग्णाला जागं ठेवून ऑपरेशन करावं लागेल,” त्या म्हणाल्या. “मेंदूला वेदना कळत नाहीत. आम्ही एकेका ठिकाणी बारीकसा वीजप्रवाह देतो. तेवढा भाग काही सेकंद झोपतो. त्या वेळी रुग्ण बोलत असतो. बोलणं अडखळलं, तर ती जागा कापायची नाही. म्हणून तिच्याशी तिच्या भाषेत सतत बोलणारं कुणीतरी शेजारी हवं.”

“तिकडे मराठी माणसं आहेत की.”

“एक बाई मिळाल्या होत्या. पुण्याच्या. काल आम्ही चाचणी घेतली, तर त्यांनी दहा मिनिटांत चौदा चुका काढल्या. त्यांचं म्हणणं, तुमची बहीण स्वतःला पुरुष समजून बोलते. मी आलो, मी गेलो, मी जेवलो. गाठीने व्याकरणाची जागा खाल्ली असावी, अशी आम्हाला भीती वाटते.”

संयोगिता चालता चालता थांबली आणि त्या आठवड्यात पहिल्यांदाच हसली. “डॉक्टर, ती गाठ नाही. ते कोल्हापूर आहे.”

आमच्या गावात बायका अशाच बोलतात, हे तिने समजावून सांगितलं. डॉक्टरांनी शांतपणे ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, “तर मग मला तुम्हीच हव्या आहात. फोनवर चालणार नाही. त्या खोलीत फार मोठा चुंबक आहे, आत कुठलंच यंत्र नेता येत नाही. तुम्ही नसाल तर मी कशावर विश्वास ठेवायचा? एखादी खरी चूक मला बोली वाटेल, नाहीतर बोली चूक वाटेल. दोन्हीकडून नुकसान तुमच्या बहिणीचंच.”

फोन ठेवल्या ठेवल्या संयोगिताने जागेसाठी अर्ज केला. शुक्रवारी सकाळी उत्तर आलं. ‘अर्ज नामंजूर. वचनांक: ४.’

वचनांक म्हणजे माणूस शब्दाला किती जागतो याचा शंभरपैकी आकडा. जागा दुर्मिळ झाल्यावर लोक गरज नसताना अर्ज करून ठेवायचे आणि ऐनवेळी फिरकायचे नाहीत. भरल्या जगात विमानं रिकामी उडायला लागली. म्हणून मंडळाने एक यंत्र बसवलं. दोन शहरांतली माणसं फोनवर एकमेकांना काय सांगतात आणि प्रत्यक्षात काय करतात, याचा ते मेळ घालायचं. परवानगी अर्थात प्रत्येकाने दिलेली होती. कुठल्या तरी लांबलचक मजकुराखाली, न वाचता. संयोगितानेही तशीच दिली होती.

दुपारी ती मंडळाच्या कचेरीत जाऊन बसली, म्हणजे बसली पाच मिनिटं आणि उरलेला वेळ दारासमोर फेऱ्या मारल्या. अपील ऐकणाऱ्या अधिकारी टेरेझा नावाच्या, तिच्याच वयाच्या, चष्मा कपाळावर ठेवून तो शोधणाऱ्या बाई होत्या. माणूस बरा होता.

“तुमची नोंद जरा विचित्र आहे,” टेरेझा म्हणाल्या. “तुमच्या फोनवर एक पुरुष बोलतो. तो कोण?”

“कुठला पुरुष?”

“आवाज तुमच्याच आवाजाशी जुळतो. पण क्रियापद पुरुषाचं आहे. यंत्राने त्याला बराच शोधला. सापडला नाही, म्हणून त्याचे शब्दही तुमच्या नावावर धरले.”

दोन दिवसांत दुसऱ्यांदा संयोगिताला कोल्हापूर समजावून सांगावं लागलं. टेरेझांनी चष्मा डोळ्यांवर घेतला. “म्हणजे तो पुरुष तुम्हीच. मग तर प्रश्नच मिटला. त्याने चार वर्षांत तुमच्या बहिणीला चारशेबारा वेळा शब्द दिला आणि एकदा पाळला.”

“कसला शब्द?”

“येतो. दर फोनच्या शेवटी. ‘बरं अक्का, येतो.’ चारशेबारा वेळा.”

संयोगिताच्या तोंडचं पाणीच पळालं. मग तिने भडाभडा बोलायला सुरुवात केली. आमच्याकडे निघताना जातो म्हणत नाहीत. जातो म्हणणं अशुभ. जातो तो कायमचा. म्हणून घरातून निघालेला माणूस, पाच मिनिटांसाठी असो की पाच वर्षांसाठी, येतो म्हणतो. मसणवाटेवर निघालेलासुद्धा मागच्यांना येतो म्हणूनच निघतो. फोन ठेवतानाही तेच. तो निरोप आहे, वचन नाही. तुम्ही आमच्या सभ्यपणाचे गुण कापले आहेत.

टेरेझांना ते पटलं. चेहऱ्यावरून दिसत होतं. पण नियम त्यांनी केलेला नव्हता. “शब्दाचा अर्थ बोलणाऱ्यावर ठरत नाही, ऐकणाऱ्यावर ठरतो,” त्या म्हणाल्या. “नाहीतर शब्द मोडणारा प्रत्येक जण म्हणेल, मला तसं म्हणायचंच नव्हतं. तुमच्या बहिणीला फोन लावते. त्यांनी सांगितलं की आम्ही हा निरोपच समजत होतो, की चारशे अकरा नोंदी मी आत्ता पुसते. मंगळवारची जागा तुमची.”

संयोगिताचा जीव भांड्यात पडला. अक्काच तर होती. तिने लहानपणी हिच्यासाठी मास्तरांसमोर ढीगभर खोटं सांगितलं होतं, आणि इथे तर खोटंही सांगायचं नव्हतं.

फोन लागला. मधलं यंत्र टेरेझांचं पोर्तुगीज मराठीत आणि अक्काचं मराठी पोर्तुगीजमध्ये करत होतं.

“तुमची बहीण फोन ठेवताना येतो म्हणते. तो फक्त निरोप असतो का?”

“आमच्यात जातो म्हणत न्हाईत,” अक्का म्हणाली. “येतो म्हणायची पद्धत हाय.”

संयोगिताने टेरेझांकडे पाहिलं. झालं की.

“ते कळलं,” टेरेझा म्हणाल्या. “पद्धत नको. तुम्ही स्वतः काय समजत होता? तिने येतो म्हटलं, की ती येईल असं तुम्हाला वाटायचं का?”

संयोगिता उठून उभी राहिली.

“काय गं अक्का, सांग की.”

“तुम्ही मधे बोलू नका,” टेरेझा म्हणाल्या.

“आमचे हे होते तवर न्हाई वाटायचं,” अक्का सावकाश म्हणाली. “निरोपच वाटायचा. हे गेल्यावर मात्र वाटायला लागलं. शब्द तोच होता, पर घरात ऐकायला मी एकटाच उरलो न्हवं. मग मी आपला दुसऱ्या खोलीतली गादी झटकायचो. चादर बदलायचो. एकदा न्हवं. लई वेळा.”

यंत्राने ते सगळं सपाट आवाजात पोर्तुगीजमध्ये करून सांगितलं. टेरेझांनी चष्मा परत कपाळावर चढवला. मग म्हणाल्या, “माफ करा.” आता ती नोंद साक्षीने पक्की झाली होती. वचनांक चारचा दोन झाला. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते असं.

कचेरीच्या पायऱ्यांवरूनच संयोगिताने अक्काला पुन्हा फोन लावला. ती इतक्या झपाट्याने चालत होती, की समोरून येणारी माणसं बाजूला होत होती.

“काय केलंस हे? एक शब्द न्हाई म्हणाली असतीस तर मी बुधवारी सकाळी तुझ्यापाशी असतो.”

“मला काय ठाऊक त्याचं काय हुतंय. तिनं विचारलं, मी सांगितलं.”

“मग कळत होतं ना मी येत न्हाई ते? मला कधी म्हणाली का न्हाईस?”

“काय म्हणू? ये म्हणू? तू तर रोज सांगायलीस की येतो म्हणून.”

संयोगिता वळून पुन्हा पायऱ्या चढायला लागली.

“संयू, मी मुद्दाम न्हाई केलं,” अक्का म्हणाली. “पाच दिवसांनी डोकं उघडणार हाईत माझं. परत बोलायला येतंय का न्हाई कुणास ठाऊक. असल्या वेळी एक खरं बोलायचं राहिलं होतं, ते तोंडातून गेलं. तू चिडू नकोस. त्या पुण्याच्या बाई बऱ्या हाईत. त्या बसतील.”

“त्या कशाच्या बसतील? त्यांना तू बाप्या वाटलीस.”

दोघी हसल्या. हसणं संपल्यावर संयोगिताने फोन ठेवला. काय म्हणून ठेवायचा हे तिला सुचेना, म्हणून तिने काही न म्हणताच ठेवला.

आता खरं काय ते बोलायला हवं. नाचता येईना तेव्हा अंगण वाकडं असतं, आणि संयोगितापाशी तर सगळं आकाशच होतं. ‘आज सात तास लागतायत अक्का, आज बंदच आहे, पुढच्या आठवड्यात बघतो.’ चार वर्षं हेच चाललं होतं. आकाश मोकळं असलेले दिवस कुणालाही ठाऊक नसतील, पण हिला ठाऊक होते. तीच ते जाहीर करत होती. चार वर्षांत असे तीनशेवर दिवस येऊन गेले होते, आणि तेव्हा तिचा वचनांकही बरा होता. गेली नाही, कारण दाजी गेल्यानंतरच्या त्या घरात काय बोलायचं हे तिला सुचत नव्हतं. शोक करणाऱ्या माणसासमोर बसावं लागतं. हिला बसता येत नव्हतं. तिथे पायऱ्यांवर उभं राहून तिने हे स्वतःशी कबूल केलं, आणि तिला स्वतःची मनापासून लाज वाटली.

जमिनीवरून लिस्बन ते हेलसिंकी साडेचार हजार किलोमीटर पडतं. माद्रिद, पॅरिस, हाम्बुर्ग, कोपनहेगन, स्टॉकहोम, मग बोटीने समुद्र ओलांडून तुर्कू आणि तिथून दोन तास आगगाडी. सगळं जुळून आलं तर मंगळवारी सकाळी पोचता येत होतं. एक दिवस हातात राहत होता. संध्याकाळी ती बॅग घेऊन स्टेशनवर होती.

सगळं जुळून येत नसतंच. विमानं कमी झाल्यापासून अर्धा युरोप गाड्यांत कोंबलेला होता. माद्रिदपर्यंत ती दाराशी उभी राहून गेली. पॅरिसला जागा मिळाली, तर ती दर वीस मिनिटांनी उठून डब्याच्या टोकाला जाऊन यायची. शेजारच्या म्हाताऱ्याने शेवटी विचारलं, की बाई, तुम्ही चालतच निघाला आहात का? रोज सकाळी संस्थेचा नकाशा तिच्या फोनवर यायचा आणि नको नको म्हणत ती बघायची. शनिवारी हेलसिंकी सहा तासांवर होतं. रविवारी आठ. ती स्वतः तेव्हा हाम्बुर्गला होती, आणि तिथली पुढची गाडी वीस मिनिटांनी चुकली. त्यानंतरची दुसऱ्या दिवशी दुपारी होती. राखून ठेवलेला दिवस तिथेच गेला.

मंगळवारी ती स्टॉकहोमच्या धक्क्यावर बोटीची वाट बघत उभी होती. थर रात्रीतून उत्तरेला सरकले होते. वरचं आकाश मोकळं झालं होतं, स्वच्छ, कोरडं. तिनेच आठवड्यापूर्वी तसं भाकीत केलं होतं आणि ते मिनिटाला बरोबर ठरलं होतं. लिस्बन-हेलसिंकी, चार तास पन्नास मिनिटं. त्या वर्षातला सगळ्यात कमी वेळ. एक विमान डोक्यावरून ईशान्येला गेलं. मागची रेघ उमटता उमटता पुसली गेली. चार दिवसांत पहिल्यांदाच संयोगिता एका जागी उभी राहिली आणि मान मोडेपर्यंत ते बघत राहिली.

बुधवारी सकाळी सव्वानऊला ती इस्पितळात पोचली. अंगावरचे कपडे उतरवून त्यांनी तिला हिरवा झगा, टोपी आणि मास्क चढवला. अंगठी, घड्याळ, केसांतली पिन काढून घेतली. आत गेली तेव्हा अक्का कुशीवर झोपलेली होती. डोकं एका चौकटीत आवळलेलं आणि पडद्याआड. पडद्याच्या अलीकडे फक्त चेहरा.

“आलीस होय,” अक्का म्हणाली. औषधाने जीभ जरा जड झाली होती. “अवतार बघ की तुझा.”

संयोगिताला स्टुलावर बसवलं, अक्काच्या चेहऱ्यापासून हातभर अंतरावर. उठायचं नाही, हलायचं नाही. पडद्यापलीकडून डॉक्टर लेहतिनेन म्हणाल्या, “सुरू करा. काहीही विचारा. काही चुकलं तर हात वर करा.”

“अक्का, ट्रामचं सांग की. पहिल्या दिवशी काय झालं होतं?”

“काय व्हायचंय. पहाटे निघालो. बंदरापाशी वळवली. एक म्हातारी चढली, तिला वाटलं मी नवीन म्हणजे रस्ता चुकणार. तिनंच मला सगळे थांबे सांगितले. मी आपला मान हलवत गेलो.”

“मग?”

“मग काय, चौकात सिग्नल. मी थांबते. मग घंटा वाजवते आणि परत निघते.”

संयोगिताचा हात आपोआप वर गेला.

“चुकलं का?” डॉक्टरांनी विचारलं.

“चुकलं.”

पलीकडे एक कागद सळसळला. पुण्याच्या बाईंनी करून दिलेली उत्तरांची यादी. “आमच्या यादीप्रमाणे हेच बरोबर आहे,” डॉक्टर म्हणाल्या. “थांबते. निघते. बाई बोलत असेल तर असंच होतं ना?”

“पुस्तकात होतं. आमच्या घरात होत नाही. ती शाळेतली मराठी आहे. तिची नाही.”

“नीट ऐका,” डॉक्टरांचा आवाज तसाच शांत होता. “मी ही जागा सोडली तर सुपारीएवढी गाठ आत राहील. दोन-तीन वर्षांनी पुन्हा यावं लागेल. सोडली नाही आणि तुमचं खरं असलं, तर तुमच्या बहिणीची घरची बोली कदाचित जाईल. त्या बोलतील, पण अशा. तुम्ही किती दिवसांनी भेटताय त्यांना?”

“चार वर्षांनी.”

“चार वर्षांत माणसाचं बोलणं बदलतं. खात्री आहे तुमची?”

खात्री नव्हती. अक्का तिकडे कुणाकुणाशी बोलत असेल, कुठल्या पुण्या-मुंबईच्या बायकांत ऊठबस करत असेल, काय ठाऊक. फोनवर तर हिच्याशी ती हिच्यासारखीच बोलणार. संयोगिताला उठून चार पावलं चालावंसं वाटलं. स्टुलाच्या कडा तिने दोन्ही हातांनी धरून ठेवल्या.

“आहे,” ती म्हणाली. “ती जागा सोडा.”

“सोडली,” डॉक्टर म्हणाल्या. “आता पुढचा भाग. बोलत ठेवा त्यांना. चाळीस मिनिटं लागतील, गप्प होऊ देऊ नका.”

“काय झालं गं?” अक्काने विचारलं. “मधेच का थांबलीस? मी काय चुकीचं बोललो काय?”

बोललो. संयोगिताने श्वास सोडला. “न्हाई अक्का. बोल तू.”

पण काय बोलायचं? ट्राम संपली. कोल्हापूरची शाळा झाली, रंकाळ्यावरची भेळ झाली, बाबांची स्कूटर झाली. दर फोनवर यांच्यात हेच व्हायचं आणि ते बारा मिनिटांत संपायचं. आजही तेरावं मिनिट लागलं आणि विषय संपले. अक्का डोळे मिटायला लागली. पडद्यापलीकडून आवाज आला, “बोलत ठेवा.”

“अक्का,” संयोगिता म्हणाली. “दाजी गेल्यावर तू काय केलंस?”

अक्काने डोळे उघडले. इतका वेळ ती हिच्याकडे न बघताच बोलत होती. आता नीट बघायला लागली.

“आज विचारायलीस व्हय?”

“आज विचारतोय.”

“बसली हाईस तर ऐक मग. तू चौथ्या दिवशी परत गेलीस. मी विमानतळावर आलो होतो तुला सोडायला. घरी आलो तर त्यांचे बूट दारात. तीन महिने मी ते उचलले न्हाईत. तुला फोनवर सांगणार होतो, तर तू म्हणालीस आज हवा कशी हाय तिकडं. मी हवा सांगितली. दर वेळी हवाच सांगितली मी तुला, बाई. हवा तर तुला माझ्याहून जास्त कळती. मला इतका राग यायचा तुझा, फोन ठेवला की मी भांडी आपटायचो...”

अक्का बोलत होती. जड जिभेने, न थांबता, एकेक आठवून. पुढे झुकून ऐकणाऱ्या संयोगिताचा मास्क भिजला. आतल्या सात माणसांना त्यातलं एक अक्षर कळत नव्हतं.

“बोलणं ठीक आहे ना?” डॉक्टरांनी मान न वळवता विचारलं.

“ठीक आहे.”

“काय सांगतायत?”

“मला रागावतेय.”

“व्याकरण?”

“एकही चूक नाही,” संयोगिता म्हणाली आणि अक्काचा हात धरला. “बोल अक्का. बसलोय मी.”